वाचलं, मान्य नाही

आधी माफी मागतो. मी डॉक्टर नाही, सायन्सलाही नाही, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या शिकलेल्या माणसाविषयी लिहायला बसलो की न विचारता त्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. त्यात ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना हे कळलं असतं, तर त्यांनी मजकूर न वाचताच विचारलं असतं, "लिवणाऱ्याक लघवी किती होता?" हे असभ्य वाटेल. पण त्यांची ओळख या प्रश्नावाचून करून देता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकलं. काही चुकलं तर ती चूक माझी समजावी.

ते शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यायचे. लोक त्यांना भुलीचे डॉक्टर म्हणत. राहायला देवगडजवळ जामसंड्याला, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस आमच्या तालुक्याच्या गावातल्या धर्मादाय इस्पितळात यायचे. येणं-जाणं एसटीने. बरोबर एक काळी लाकडी पेटी. पेटीत इथर या भुलीच्या औषधाची बाटली, इथरची वाफ करणारं एक यंत्र आणि त्याला जोडायचा रबरी भाता. ही पेटी ते कुणाच्या हातात देत नसत. गाडीत जागा मिळाली तर पेटीला बसवायचे आणि स्वतः उभे राहायचे. एकदा मी त्याच गाडीत होतो. नवीन कंडक्टरने वासाला नाक मुरडून पेटी टपावर टाका म्हणून सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टपार तू जा. पेटी तुझ्या जाग्यार बसतली." मग सगळ्या गाडीकडे वळून त्यांनी बजावलं की उतरेपर्यंत कुणी बिडी पेटवायची नाही, पेटवली तर आचऱ्याच्या पुलावर सगळ्यांची एकदमच शस्त्रक्रिया होईल. मालवणला उतरेपर्यंत त्या गाडीत कुणी खिशात हात घातला नाही.

दिसायला ते अगदी साधे. पांढरा मळका बुशशर्ट, पायात रबरी चपला, आणि डाव्या कानात एक काळी गुंडी. या गुंडीला लांब रबरी नळी असायची आणि नळीचं दुसरं टोक शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या छातीवर चिकटवलेलं असायचं, म्हणजे काळजाचे ठोके सतत ऐकू येत. काम संपल्यावर नळी काढायचे, पण गुंडी काढायला विसरायचे. तशाच कानाने चहा प्यायचे. त्या बाजूने कुणी बोललं तर ऐकू यायचं नाही. इस्पितळाचे चेअरमन नेमके नेहमी त्याच बाजूला बसायचे. हे मुद्दाम होतं असं वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या. या सिस्टर दोडामार्गाकडच्या, वयाने पन्नाशीच्या, आणि डॉक्टरांना तोंडावर उत्तर देणाऱ्या इस्पितळात त्या एकट्याच.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते रोग्याजवळ जाऊन बसायचे. नाव-गाव विचारायचे नाहीत. "काल किती मुतलंस?" हा पहिला प्रश्न. बायकांना हाच प्रश्न सिस्टर विचारायच्या आणि डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उत्तर ऐकायचे. 'चांगली होते', 'बरी होते' असलं उत्तर त्यांना चालत नसे. सरबताच्या रिकाम्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून, तिच्यावर शाईने रेघा मारून, ती खाटेखाली ठेवायला लावायचे. एका गुरुजींनी शरमेने बाटलीत पाणी भरून दाखवलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या तुमच्या विहिरीचा आसा. तुमचा दाखवा."

हे सगळं कशासाठी, ते मला पुढे त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळलं. भुलीची पुष्कळशी औषधं आपलं काम झालं की लघवीवाटे बाहेर जातात. पोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून एक इंजेक्शन देतात, तेही तसंच जातं. पण ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्याच्या अंगात ते राहून जातं. माणूस आतून जागा होतो, पण त्याला श्वास घेता येत नाही, बोट हलवता येत नाही, हाक मारता येत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याला भूल द्यायला कुणी धजत नसे. डॉक्टरांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून चार वेळा म्हणत: "आत घालूक कोण पण घालता. भायर कसा येतला तां आदी बोला." त्यांचं उत्तर इथर होतं. मुंबईहून आलेले तरुण डॉक्टर त्या पेटीला हसायचे. इथर आता फक्त पुस्तकात उरलंय, असं म्हणायचे. आमचे डॉक्टर म्हणायचे, "जुना आसा तर आसू दे. श्वासातून येता, श्वासातून जाता. मूत्रपिंडाचे पाय धरूचे लागणत नाय."

मूत्रपिंडाचा रोगी आला की ते आणखी एक गोष्ट करायचे. पेनाने त्याच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत मोठ्या अक्षरात लिहायचे: 'या हातात सुई टोचू नये.' ती शीर पुढे मुंबईला रक्त शुद्ध करायच्या यंत्राला लावायला लागेल, म्हणून आज राखून ठेवायची. ज्याला कोल्हापूरसुद्धा परवडणार नाही, तो मुंबईला कधी जाणार? इस्पितळाच्या सर्जननी एकदा हे विचारलं. डॉक्टरांनी फक्त पुसट झालेली अक्षरं पुन्हा गिरवली.

आणि शहाळी. आमच्या किनाऱ्यावर माणूस आजारी पडला की पहिली आठवण शहाळ्याची होते. बघायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही, दोन शहाळी घेऊन येतो. इस्पितळाच्या आवारातच बारा माड होते. अशा मुलखात हे डॉक्टर शहाळ्याचे वैरी. सकाळी आल्या आल्या वाकून एकेका खाटेखाली बघायचे आणि मूत्रपिंडाच्या रोग्याकडचं शहाळं सापडलं की उचलून बाहेर न्यायचे. परत देत नसत. व्हरांड्यात उभे राहून स्वतः पिऊन टाकायचे. लोक म्हणत, फुकट शहाळी पिण्यासाठीच हा माणूस जामसंड्याहून येतो. त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ते सगळ्यांना सांगत बसत नसत. मूत्रपिंडं चालत नसली की रक्तात पोटॅशियम साठतं, ते फार झालं की काळीज बंद पडतं, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. एवढंच. पण हे मला कळायला फार उशीर झाला. तेच आता सांगतो.

माझे बाबा तारकर्लीला रापणीवर होते. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं काम. दोरी ओढून ओढून त्यांना जांघेत हर्निया झाला होता, त्याचं कुणी काही मनावर घेतलं नाही. मग वर्षभर तोंड आणि पाय सुजायला लागले. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेल्याचं सांगितलं. गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. मी तेव्हा बारावीला होतो.

लघवी कमी झाली तेव्हा काकी म्हणाली, शहाळ्याने साफ होईल. आमच्याच परड्यातले माड. पण देण्याआधी आईने मला विचारलं. घरात शिकलेला मी. ती म्हणाली, "झिला, तू बुका वाचतंस. शहाळां देव मां?" मी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शहाळ्याविषयी काही वाचलं नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायला जीभ वळली नाही. दे, म्हणालो. शुद्ध पाणी आहे, म्हणालो. आठ दिवस मी स्वतः रोज दोन शहाळी सोलून त्यांना पाजली.

नवव्या दिवशी सकाळी हर्निया अडकला. पोट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. मासळीच्या टेंपोतून त्यांना इस्पितळात नेलं. सर्जननी पोट दाबून पाहिलं आणि आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. आतडं अडकलंय, आजच कापायला हवं, पण अशा मूत्रपिंडांना भूल सोसायची नाही, माणूस टेबलावर जाईल. गोव्याला न्या. पाठीच्या कण्यात सुई देऊन होणार नाही का, असं काकांनी कुणाकडून तरी ऐकलेलं विचारलं. तर हिरड्यांतून रक्त येतंय, पाठीत सुई घातली तर आत रक्त साठेल, म्हणाले. त्यांचं बोलणं चूक नव्हतं. ते चांगले सर्जन होते, आजही आहेत. पण गोव्याला न्यायला गाडी नव्हती, इस्पितळाची जीप नादुरुस्त होती, आणि टेंपोतून त्या रस्त्याने चार तास म्हणजे काय, ते बाबांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. काका हळूच म्हणाले, मग घरीच नेऊया. आईने पदर तोंडात धरला.

तेवढ्यात एसटीतून भुलीचे डॉक्टर उतरले. त्या दिवशी दुसऱ्याच एका शस्त्रक्रियेसाठी त्यांना बोलावलं होतं. पेटी खाली ठेवून ते सरळ बाबांकडे गेले. जीभ बघितली, हिरड्या बघितल्या, पाय दाबून बघितले, बाटलीचा प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, कालपासून चमचाभर. मग ते सर्जनकडे गेले. दोघे आमच्या समोरच बोलले, दरवाजा लावायचं भान कुणाला राहिलं नाही. सर्जन रागावले की पुस्तकी मराठीत जायचे आणि डॉक्टर रागावले की मालवणीत यायचे.

"या रुग्णाला भूल देणं म्हणजे त्याला मारणं आहे," सर्जन म्हणाले.

"आणि गोव्याक धाडणा म्हणजे?"

"वाटेत काही झालं तर ती जबाबदारी माझी नाही."

"तांच तर सांगतंय. तुमका मरण नको असा नाय. तुमका तां तुमच्या टेबलार नको."

सर्जन म्हणाले की माणूस गेला तर कागदावर भूल देणाऱ्याचं नाव पहिलं येईल. डॉक्टर म्हणाले, ठळक लिहा.

मग ते वळले आणि बाहेर आमच्याकडे आले. काका, काकी, आई, शेजारचे दोघे, सगळे उभे होते. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नेमकं मला विचारलं, "शहाळां दिलंस?"

मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. सगळे बघत होते. आईने विचारलं तेव्हा मी शिकलेला म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्याच आईसमोर ते चुकीचं निघणार होतं. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टर "बरा" म्हणाले आणि पेटी घेऊन आत गेले.

बाबांच्या डाव्या हातावर अक्षरं आली. नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. ढकलगाडी निघाली. बाबांनी वर बघून विचारलं, "डाक्टरानू, माका उठवशात मां?"

"मी उठवणारो नाय," डॉक्टर म्हणाले. "उठतलंस तू. मी फकत तुझ्या वाटेत येवचंय नाय."

दरवाजा बंद झाला. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. समोर ते बारा माड. माझ्या हाताला कोयत्याने सोललेल्या शहाळ्याचा चीक लागून काळे डाग पडले होते, ते मी नखाने खरवडत होतो. आणि मला एकदम वाटलं की त्या माणसाने मला उगाच विचारलं नसेल. एवढी घाई असताना, सर्जनशी भांडून आल्यावर, कुणी उगाच शहाळ्याचं विचारेल का? मी उठलो, दरवाजा ढकलला आणि आत गेलो. सिस्टर अडवायला आल्या. डॉक्टर भाता जोडत होते.

"डॉक्टर, मी खोटं बोललो," मी म्हणालो.

त्यांनी वर न बघता विचारलं, "किती?"

"रोज दोन. आठ दिवस."

त्यांनी भाता खाली ठेवला. मला वाटलं आता मारतील. पण ते माझ्याकडे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "ह्या तालुक्यात पोटॅशियम मोजूचा यंत्र नाय. म्हणान मी विचारतंय. यंत्र म्हणजे तू. यंत्र खोटा बोललां तर माणूस मरता. समाजला? आता भायर बस."

पुढचं मला सिस्टरनी सांगितलं. डॉक्टरांनी बाबांच्या छातीला तारा लावून काळजाची पट्टी काढली. पट्टीवरचे उंचवटे गोल असायला हवेत, ते टोकदार निघाले. त्यांनी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग ग्लुकोजमधून इन्शुलिन, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम काही वेळ तरी आत ढकललं जाईल. आणि थांबले. सर्जन हातमोजे घालून उभे होते. ते म्हणाले, एकेका मिनिटाला आतडं काळं पडतंय. डॉक्टर म्हणाले, "पडू दे. काळा आतडां कापून काढूक येता, बंद पडलेला काळीज कापून काढूक येणा नाय." दर दहा मिनिटांनी नवी पट्टी काढून ते भिंतीवर एकाखाली एक चिकटवत होते. पाचव्या पट्टीवर टोकं बसली. तेव्हा चला म्हणाले. आतडं अडकलेलं, भुलीत ओकारी श्वासात जाऊ नये म्हणून बाबा जागे असतानाच घशात औषध फवारून नळी घातली. भूल मग. नळी घालताना स्नायू झटकन सैल करायचं जे इंजेक्शन इतर वेळी देतात, त्याने पोटॅशियम आणखी वाढतं. माझ्या खोट्यामुळे ते दिलं गेलं असतं असं नाही, कारण मूत्रपिंडाच्या रोग्याला ते तसंही देत नसत. पण मी खरं सांगितलं नसतं तर ती पट्टी काढली नसती, आणि थांबलेही नसते. हे मी सिस्टरना दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

बाहेर भात्याचा आवाज येत होता. फस्, मग थोडं थांबून पुन्हा फस्. म्हणजे आत बाबांचा श्वास त्यांच्या हाताने चालला होता. आई माझ्या शेजारी बसली होती. मीच तिला सांगितलं, शहाळं द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, "तुका ठावक नाय होता, तर तसा सांगूचा." आजवर मला कुणी दिलेली सगळ्यात मोठी शिकवण हीच असावी, आणि देणारीला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

मधेच एकदा आवाज थांबला. मी उभा राहिलो. काकांनी माझा दंड धरला. मग तो पुन्हा सुरू झाला. नंतर कळलं की डॉक्टरांनी घामेजलेला हात पुसायला भाता सिस्टरकडे दिला होता.

दुपार उलटून गेल्यावर बाबांना बाहेर आणलं. एक वीतभर आतडं काढावं लागलं होतं. डॉक्टर गाडीबरोबर चालत आले आणि खाटेशी स्टूल ओढून बसले. शेवटची मालवण-देवगड गाडी जाईल म्हणून सिस्टरनी आठवण करून दिली. डॉक्टरांनी गुंडीवाला कान त्यांच्याकडे फिरवला. बाबांच्या तोंडाला इथरचा वास येत होता. बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या. डॉक्टर वाकून म्हणाले, "डोक्या उचल. उचल बगूया. आता सांग, होडयेचा नाव काय?"

बाबांनी डोकं चार बोटं वर उचललं आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "होडी माझी खंय आसा? शेटची आसा."

डॉक्टर उठले. "ह्यो जागो आसा," एवढंच म्हणाले आणि पेटी घेऊन धावतच एसटी गाठायला गेले. आई पाया पडायला मागून गेली, तर दुरूनच त्यांनी तिला हाताने परत जा म्हणून खूण केली.

बाबा चौदा महिने जगले. मी हे सांगितलं की काही लोक म्हणतात, चौदाच ना? एवढ्यासाठी एवढा धोका? मी भित्रा आहे, पटकन उलट बोलत नाही. पण यावर बोलतो. चौदा महिन्यांत त्यांनी बसल्या जागी रापणीचं अर्धवट राहिलेलं जाळं विणून पूर्ण केलं. बहिणीचं लग्न पाहिलं, व्याह्यांशी वाद घातला. कॉलेजात माझा पहिला दिवस होता तेव्हा फाटकापर्यंत चालत आले आणि तिथून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ओरडून म्हणाले की आता ठावक नसला तर विचार. मरताना ते घरी होते, आईने हात धरला होता, आणि डाव्या हाताची शीर शाबूत होती. या चौदा महिन्यांचा हिशेब करणारा मी कोण, आणि ते विचारणारे तरी कोण?

डॉक्टरांनी त्या एकट्या इस्पितळात असे पुष्कळ रोगी पार केले. सगळे वाचले असं मी म्हणणार नाही, एकदोघे गेलेही. शेवटी एक बागायतदार गेले, तेही शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी, जंतुसंसर्गाने. पण त्यांचे नातेवाईक मोठे होते. चेअरमनपर्यंत गोष्ट गेली. बैठक झाली आणि एक हुकूम निघाला: यापुढे मूत्रपिंडं निकामी असलेल्या रुग्णास या इस्पितळात पूर्ण भूल देण्यात येऊ नये, त्यास अन्यत्र पाठवावे. खाली चेअरमनची आणि सर्जनची सही. तिसरी जागा भूल देणाऱ्याच्या सहीसाठी मोकळी ठेवली होती.

सिस्टर सांगतात, डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग ज्या पेनाने हातावर लिहायचे तेच काढलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं: वाचलं. मान्य नाही. खाली व्यवस्थित सही केली. चेअरमन म्हणाले की सही म्हणजे मान्यता असते. डॉक्टर म्हणाले, मग ही सही तशी धरू नका. त्यांना पुन्हा एकदा विचार करायला सांगितलं. त्या दिवशी दुसऱ्या एका बाईची साधीच शस्त्रक्रिया होती. ती त्यांनी नेहमीसारखी पार पाडली, बाई नीट जागी होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले, मग पेटी उचलली आणि एसटीत बसले. परत आले नाहीत.

मी त्यांना भेटायला जामसंड्याला गेलो होतो, बाबा गेल्यानंतर. घराला कुलूप होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं की पेटी घेऊन गेले, कुठे ते ठाऊक नाही, पण उधारी सगळी चुकती करून गेले. मी तिथे उभा राहून काय बोलणार होतो, ते मनातल्या मनात बोललो आणि परतलो. तेव्हापासून दोन वर्षं काही कळलं नव्हतं. आमच्या इस्पितळात तो हुकूम चालू आहे. मूत्रपिंडाचे रोगी गोव्याला पाठवले जातात. काही पोचतात.

गेल्या महिन्यात कुडाळच्या एसटी स्टँडवर सिस्टर भेटल्या. त्यांनी आमचं इस्पितळ सोडून माहेरच्या बाजूला नोकरी धरली होती. गाडीला वेळ होता. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, डॉक्टर आमच्याकडेच आहेत, दोडामार्गाला. एका लहानशा खाजगी इस्पितळात, सहा खाटांच्या. काजूच्या कारखान्यातल्या बायका, रबराच्या बागेतले मजूर, असे रोगी. पेटी तीच. आता कानही जरा अधू झालाय, पण कोणता, ते कळू देत नाहीत.

मग त्यांनी आवाज उतरवला आणि पुढचं सांगितलं. दिवाळीनंतर एक दिवस इस्पितळाच्या दारात मोटार थांबली. आतून आमचे सर्जन उतरले. मागच्या सीटवर त्यांची आई होती. मूत्रपिंडं दोन वर्षांपासून गेलेली, आणि आता पित्ताशय फुटून पोटात पू झालेला. सावंतवाडीवरून सरळ गोव्याचा रस्ता होता, मोठं इस्पितळ होतं, तिथे त्यांच्या ओळखी होत्या. ते गोव्याला गेले नाहीत. त्यांनीच ड्रायव्हरला गाडी दोडामार्गाकडे वळवायला सांगितली.

डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं. हुकमाचा विषय निघाला का?

सर्जननी काढला होता. माफीसारखं काहीतरी बोलायला लागले होते. डॉक्टर तोवर म्हातारीच्या हिरड्या बघत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, सिस्टरना सांगता येईना. तिथले डॉक्टर कापायला तयार झाले, ढकलगाडी निघाली, तेव्हा सर्जन सवयीने बाह्या वर करून बरोबर चालू लागले. दरवाजाशी भुलीच्या डॉक्टरांनी हात आडवा केला.

"नातेवाईक भायर बसतत," ते म्हणाले.

व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर एक काजूवाली आणि तिचा नवरा बसले होते. ते सरकले आणि सर्जन तिथे बसले. अडीच तास. मधे एकदा ते उठून दरवाजापर्यंत गेले, आतला आवाज ऐकला आणि परत येऊन बसले. मग डॉक्टर बाहेर आले. त्यांनी काजूवालीला आधी सांगितलं की तुझा नंबर उद्या, सकाळपासून काही खायचं-प्यायचं नाही. मग सर्जनकडे वळून म्हणाले,

"उठली. जावन बगा."